पाना-पक्कड : चाकाची सोयरीक



थंडी पडायला लागली की आपल्या घरांतल्या पुरुषांचे सरळ दोन भाग पडतात. एक हीटरजवळ पाय करून क्रिकेट बघणारे आणि दुसरे दोन स्वेटर घालून, गारठलेल्या गॅरेजात जुन्या मोटारसायकलच्या पोटात हात घालून बसणारे. हे सदर दुसऱ्या गटासाठी आहे, आणि त्यांना जेवायला तीन-तीनदा हाका मारणाऱ्या त्यांच्या घरच्यांसाठीही.

या खेपेचा विषय एका वहिनींनी ठरवला. त्यांचं नाव-गाव देत नाही, कारण यजमानांना न सांगता त्यांनी पत्र लिहिलंय. पत्राचा सारांश असा: "हे रिटायर झाल्यापासून गॅरेजमध्येच असतात. १९६० नंतरची ६५० सीसीची ट्रायम्फ आहे. तिच्या मागच्या चाकाचा हब खराब झालाय. यांच्या एका मित्राकडे दुसऱ्या ट्रायम्फचा, झटकन निघणाऱ्या चाकाचा हब पडून आहे, तो ते देतायत. 'अगं, बसतो तो, मी लावून बघितला,' असं हे म्हणतात. ईस्टरनंतर मुलीला मागे बसवून वेल्सला जायचं ठरतंय. दादा, तुम्हीच सांगा, 'बसतो' म्हणजे झालं का?"

नाही वहिनी, एवढ्यानं झालं नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत 'बसणं' वेगळं आणि 'जुळणं' वेगळं. स्थळ बघायला गेल्यावर मुलगा चांगला दिसला, चहा छान झाला, एवढ्यावर आपण सोयरीक ठरवत नाही. घर कसं, माणसं कशी, सगळं विचारतो. हबचंही तसंच आहे. तो एकटा कधी नांदत नाही. ड्रम, स्पिंडल, बेअरिंग, स्पेसर, ब्रेकची प्लेट, स्पीडोमीटरची पेटी असं त्याचं अख्खं घराणं असतं. अदलाबदल करायची तर घराण्यासकट करावी, हे आजच्या लेखाचं सार. बाकीचा लेख हे असं का, ते सांगण्यासाठी.

हा मोह मुळात होतो कशामुळे?

कारण या गाड्या खरोखरच एकमेकांच्या नात्यातल्या आहेत. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथमधल्या बीएसएनं १९४४ मध्ये एरियल विकत घेतली आणि १९५१ मध्ये ट्रायम्फ. तिकडे लंडनच्या प्लमस्टेडमध्ये एजेएस आणि मॅचलेस बनवणाऱ्या एएमसी कंपनीनं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्टन घेतली. मालक एक झाला की सुटे भागही हळूहळू एक होऊ लागतात, कारण दोन साचे सांभाळण्यापेक्षा एक सांभाळणं स्वस्त.

म्हणून १९५६ मध्ये बीएसएच्या ए-७ आणि ए-१० या जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांना एरियलच्या धर्तीचे पूर्ण रुंदीचे हब आले, आणि १९५८ मध्ये ते जाऊन पुन्हा वेगळे आले. १९६४ साली एजेएस-मॅचलेसच्या मोठ्या गाड्यांना नॉर्टनचे हब आणि नॉर्टनचा पुढचा फोर्क बसला. १९७१ मध्ये तर बीएसए आणि ट्रायम्फच्या मोठ्या गाड्यांना एकाच नमुन्याचे, शंकूसारखे निमुळते हब आले.

याचे दोन अर्थ होतात, आणि दोन्ही लक्षात ठेवायचे. पहिला अर्थ सुखाचा: १९६४ नंतरच्या मॅचलेसचा हब हवा असेल तर नॉर्टनच्या मालाच्या टेबलाशीही चक्कर मारावी. दुसरा अर्थ जरा कडू: टाकीवर एकच नाव असलं तरी दोन-तीन वर्षांच्या अंतरानं आतलं सगळं बदललेलं असू शकतं. १९५५, १९५७ आणि १९५९ ची ए-१० शेजारी-शेजारी उभी करा. तिघींवर बीएसएच लिहिलेलं, पण मागची चाकं तीन घराण्यांतली. "बीएसएचा हब आहे, बीएसएलाच लावतोय" एवढं म्हणून भागत नाही.

मागच्या चाकाच्या जाती

वहिनींच्या पत्रातल्या 'झटकन निघणाऱ्या' चाकाला इथे क्यूडी म्हणतात. साध्या चाकात ब्रेकचा ड्रम, म्हणजे त्याबरोबर चेनचं दातेरी चक्रही, हबला बोल्टांनी घट्ट जोडलेलं असतं. पंक्चर झालं तर चेन काढा, ब्रेकचा रॉड सोडवा, मग चाक बाहेर. पावसात, रस्त्याच्या कडेला, काळ्या ग्रीसनं हात भरवून हा उद्योग ज्यांनी केलाय त्यांना तो जन्मभर आठवतो.

क्यूडीमध्ये ड्रम, चेन आणि ब्रेक जागच्या जागी राहतात. लांब स्पिंडल ओढून बाहेर काढला, मधला स्पेसर खाली पडला, की चाक थोडं बाजूला सरकवून सोडवता येतं. मग जोर कुठून येतो? ट्रायम्फमध्ये हबच्या एका बाजूला दाते असतात, ते ड्रमच्या पोटातल्या खाचांत शिरतात. इंजिनाची सगळी ताकद आणि मागच्या ब्रेकचा सगळा जोर या दात्या-खाचांतून जातो. नॉर्टनच्या डॉमिनेटरमध्ये हेच काम तीन लांब नट करतात. हबवरची रबरी बुचं काढायची, नळीसारखा पाना आत घालायचा, तीन नट सोडवायचे.

आणि व्हिन्सेंटची तऱ्हा तर सगळ्यांहून न्यारी. स्टीव्हनेजच्या या कंपनीनं मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दातेरी चक्र लावायची सोय ठेवली होती. एका बाजूला कमी दात्यांचं, दुसऱ्या बाजूला जास्त दात्यांचं. साइडकार जोडली की चाक काढून उलटं बसवायचं, आणि तेही पान्याशिवाय, स्पिंडलला असलेल्या आडव्या दांडीनं फिरवून! इंजिनीअरनं गिऱ्हाइकाचे हात डोळ्यांपुढे ठेवून विचार केला की काय होतं, याचा तो नमुना आहे.

तर वहिनी, तुमच्या यजमानांची गाडी साध्या चाकाची आणि मित्राचा हब क्यूडीचा असेल, तर पहिला प्रश्न असा: त्याबरोबर क्यूडीचा ड्रम मिळतोय का? तो नसेल तर हबच्या दात्यांना शिरायला खाचाच नाहीत. शिवाय ट्रायम्फच्या साध्या हबमध्ये गोळ्यांची बेअरिंगं असतात, तर क्यूडीच्या हबमध्ये निमुळत्या रोलरची, आणि ड्रमला स्वतःचं वेगळं गोळ्यांचं बेअरिंग असतं. म्हणजे आतली रचनाच वेगळी. नुसता हब हा दहा रुपयांच्या नोटेचा अर्धा तुकडा समजा.

आणि ड्रम मिळाला तरी दोन्हींच्या दात्यांवरून बोट फिरवून बघा. दाते एका बाजूनं झिजून करवतीसारखे झाले असतील तर घेऊ नका. झिजलेल्या ड्रमात नवा हब घातला तर जुना भाग नव्यालाही लवकर खातो. ही जोडी जोडीनंच बदलावी.

जुळवायच्या पाच गोष्टी

आता पत्रिका मांडू. छत्तीस गुण नकोत, पाचच पुरे. पण पाचातले पाचही जुळले पाहिजेत, इथे मध्यस्थाचं काही चालत नाही.

पहिली गोष्ट, स्पिंडल आणि त्याचे आटे. स्पिंडलची जाडी व्हर्नियरनं मोजा, डोळ्यांनी नको. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो तो लिहून घ्या, आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी अशी तिन्ही मापं घ्या. मग आटे बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत एकाच चाकावर दोन-तीन पद्धतींचे आटे भेटतात. ३/८ इंच जाडीचा बोल्ट घ्या. बीएसएफ पद्धतीत इंचाला २० आटे, युनिफाइड फाइनमध्ये २४, आणि सायकल पद्धतीत २६. तिन्ही बोल्ट टेबलावर ठेवले तर नुसत्या नजरेला सारखेच दिसतात. चुकीचा नट दोन फेरे सहज जातो, मग जड होतो, आणि आपण म्हणतो, "गंज असेल," आणि पान्याला पाइप लावून जोर करतो. नट बसतो, पण आटे ओरबाडले गेलेले असतात. असा नट मागच्या चाकाला पन्नास मैलांनी कधी सुटेल याची हमी कोण देणार? म्हणून आटे मोजायची पट्टी घ्या. स्वस्त मिळते, आणि तिच्याइतकं उपयोगी हत्यार दुसरं नाही. जाता जाता: व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेलं माप बोल्टच्या दांड्याच्या जाडीचं असतं, डोक्याच्या रुंदीचं नाही. ३/८ लिहिलेला पाना ३/८ इंचाच्या डोक्याला का लागत नाही, हे कोडं आपल्या मेट्रिक पिढीला हमखास पडतं.

दुसरी गोष्ट, रुंदी आणि चेनची रेषा. मागच्या फोर्कच्या दोन पायांमधलं अंतर आणि स्पेसरसकट हबची रुंदी जुळली पाहिजे, हे उघड आहे. पण रुंदी जुळली म्हणजे चेन सरळ आली असं नव्हे. गिअरबॉक्सचं दातेरी चक्र आणि मागचं दातेरी चक्र एका सरळ रेषेत हवं. एक लांब सरळ पट्टी मागच्या चक्राला चिकटवून धरा आणि पुढच्यापर्यंत नजर टाका. फरक दिसला तर चेनच्या बाजूच्या पट्ट्या घासतात, दाते एका अंगानं झिजतात, आणि एक दिवस चेन उतरते. चेन उतरून चक्रात अडकली तर मागचं चाक जागीच जाम होतं. रुंदी बरोबर, पण डावा-उजवा स्पेसर उलटा लागलाय, एवढ्यानंही हा घोटाळा होतो.

चेनची जातही बघा. ५/८ इंच पिचच्या चेनमध्ये आत ३/८ इंच रुंदीची वेगळी आणि १/४ इंच रुंदीची वेगळी. आणि दाते मोजा. ६५० ट्रायम्फला पुढे १९ आणि मागे ४६ दाते असतील तर भागाकार येतो २.४२. आणलेल्या ड्रमवर ४३ दाते निघाले तर तो २.२६ होतो. म्हणजे गाडी सहा-सात टक्क्यांनी 'उंच' झाली. मोटरवेवर इंजिन निवांत वाटेल, पण वेल्सच्या चढावर, मागे मुलगी आणि दोन बॅगा, तिथे गिअर उतरवत बसावं लागेल. मोठ्या इंजिनाच्या गाडीला ते झेपेलही, छोटीला नाही.

तिसरी गोष्ट, ब्रेकची प्लेट, आणि पाचांत सगळ्यात धोक्याची हीच. ब्रेक दाबला की शूज ड्रमला धरतात, आणि ड्रम त्यांना आपल्याबरोबर फिरवायला बघतो. शूज ज्या प्लेटवर बसलेत ती प्लेट फिरू नये म्हणून ती गाडीच्या सांगाड्याला बांधलेली असते. कुठे एक पट्टी असते, कुठे फोर्कवरचा खुंटा प्लेटच्या खाचेत बसतो. दुसऱ्या गाडीची प्लेट आणली की ही खाच किंवा भोक भलत्याच जागी येतं. मग काही मंडळी घरीच लोखंडी पट्टी कापून, वाकवून, भोक पाडून लावतात. गॅरेजमध्ये ती छान दिसते. जोरात ब्रेक मारला की ती वाकते किंवा तिचा बोल्ट तुटतो. मग प्लेट गरकन फिरते, रॉड किंवा केबल गुंडाळली जाते, आणि ब्रेक एकतर नाहीसा होतो किंवा चाक जाम करतो. या पट्टीवर काटकसर करू नये. मूळची मिळवा. नाहीतर चांगल्या पोलादाची, मूळच्याच जाडीची, जाणत्या माणसाकडून करून घ्या, आणि तिच्या नटाला कॉटर पिन किंवा सेल्फ-लॉकिंग नट ठेवा.

चौथी गोष्ट, तारा आणि रिम. तारा म्हणजे स्पोक, आपल्याकडचे सायकलवाले म्हणतात तेच. ४० तारांची रिम ४० भोकांच्या हबला बसेल असं वाटतं, पण रिमची भोकं ठरावीक कोनात पाडलेली असतात. हबच्या कडेची उंची आणि दोन कडांमधलं अंतर बदललं की तो कोन बदलतो. वाकडी ओढलेली तार भोकाच्या तोंडाशी तुटते. शिवाय बऱ्याच मागच्या चाकांत रिम हबच्या मधोमध नसते, ती एका बाजूला सरकवलेली असते, कारण दुसऱ्या बाजूला ड्रम आणि चेन असते. म्हणून जुनं चाक सोडवण्याआधी ड्रमच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून रिमपर्यंतचं अंतर मोजा आणि भिंतीवर लिहून ठेवा. वहीत लिहिलेलं हरवतं.

चाक चढवल्यावर सुतळीची परीक्षा घ्या. गवंडी भिंतीला दोरी लावतो तशी. मागच्या टायरला मागून वेढा देऊन सुतळीची दोन्ही टोकं दोन्ही अंगांनी पुढच्या चाकापर्यंत ताणायची. पुढचं टायर बारीक असलं तर दोन्हीकडे फट राहील, पण ती दोन्हीकडे सारखी हवी. आता महत्त्वाचं: चेन सरळ केली की चाक तिरकं येतं, आणि चाक सरळ केलं की चेन तिरकी होते, असं होत असेल तर चेन ताणायचे स्क्रू एकीकडे जास्त फिरवून तडजोड करू नका. याचा अर्थ रिमचं सरकवणं चुकलंय किंवा स्पेसर चुकलाय. तो दोष ताराच ओढून किंवा स्पेसर बदलूनच घालवावा लागतो.

पाचवी गोष्ट, स्पीडोमीटर. हिच्याकडे तर कुणी बघतच नाही. १९६० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत स्पीडोमीटरची केबल मागच्या हबवरच्या छोट्या पेटीतून येते, आणि त्या पेटीवर तिचं गुणोत्तर कोरलेलं असतं. कुठे २:१, कुठे १५:१२. स्मिथ्स कंपनीच्या स्पीडोमीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत १६०० किंवा १००० असा आकडा सापडेल. मैलाला केबलनं किती फेरे घ्यायचे, तो हा आकडा. गणित सोपं आहे. या मापाचं मागचं चाक मैलाला ढोबळमानानं ८०० फेरे घेतं. २:१ ची पेटी असेल तर केबलचे १६०० फेरे. १५:१२ ची असेल तर सव्वापट, म्हणजे १०००. आता १६०० च्या तबकडीला १५:१२ ची पेटी असलेला हब लागला तर काटा खऱ्या वेगाच्या पाच-अष्टमांशच दाखवेल. काटा ३० वर असताना गाडी ४८ मैलांनी धावत असेल. शाळेजवळच्या रस्त्यावर हा फरक म्हणजे नुसत्या दंडाचा प्रश्न नाही.

पार्ट्स-बुक हीच पत्रिका

"एवढं सगळं मोजत बसायचं?" असं विचारणाऱ्यांसाठी जवळचा रस्ता आहे, तो म्हणजे छापील पार्ट्स-बुक. जवळजवळ प्रत्येक मॉडेल-वर्षाचं पुस्तक कंपन्यांनी छापलं होतं, आणि त्यांच्या नव्या प्रती आजही मिळतात. नियम असा: दोन वेगळ्या मॉडेलच्या पुस्तकांत त्या भागाचा नंबर अगदी एकच असेल, तर तो भाग निःशंक बदलावा. नंबर वेगळा असेल, तर तो वेगळा का आहे हे कळेपर्यंत थांबावं. कारखान्यानं उगाच नवा नंबर दिलेला नसतो.

नंबर वाचायलाही शिका, मजा येते. ट्रायम्फच्या जुन्या पुस्तकांत चाकाच्या भागांपुढे डब्ल्यू अक्षर असे, पुढे त्याच नंबरांआधी ३७ आलं. बीएसएमध्ये पहिले दोन आकडे तो भाग मुळात कोणत्या घराण्यासाठी बनला ते सांगतात. ९० म्हणजे बँटम, ४० म्हणजे सी-१५, ६८ म्हणजे ए-५० आणि ए-६५. ए-६५ च्या पुस्तकात ६८ नसलेला नंबर दिसला तर ओळखायचं की हा भाग आधीच्या गाडीकडून वारसाहक्कानं आलाय. म्हणजे तो त्या आधीच्या गाडीच्या मालातही शोधता येईल. आपल्याकडे आडनावावरून गाव ओळखतात, तसंच हे.

सप्टेंबरात ब्यूलीला जुन्या भागांचा मोठा बाजार भरतो, स्टॅफर्डला वसंतात आणि शरदात जुन्या मोटारसायकलींची प्रदर्शनं होतात. तिथे जाताना पार्ट्स-बुकाच्या पानाची प्रत, व्हर्नियर आणि आटे मोजायची पट्टी खिशात ठेवा. विकणारा "फिट्स ऑल मॉडेल्स" म्हणाला की हसून मान डोलवा आणि मोजायला लागा.

आपली बुलेट

बुलेटचं नाव काढल्याशिवाय आपल्या वाचकांचं समाधान होणार नाही. १९५५ मध्ये रेडिचची रॉयल एनफिल्ड आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडिया काढली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, ब्रिटनमधलं उत्पादन १९७० मध्ये संपलं, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली, आणि १९७७ पासून ती परत ब्रिटनमध्ये येऊ लागली. माहेर बंद झालं आणि सासरच्यांनी नाव राखलं, अशी ही गोष्ट. त्यामुळे रेडिचच्या जुन्या बुलेटवाल्यांना भारतीय भागांचा मोठा आधार आहे.

पण इथेही डोळे उघडे ठेवा. बुलेटच्या मागच्या हबमध्ये ड्रम आणि चाक यांच्या मध्ये रबराचे ठोकळे असतात. इंजिनाचा झटका ते पोटात घेतात. बीएसए आणि ट्रायम्फमध्ये हे काम इंजिनाच्या दांड्यावर किंवा क्लचमध्ये होतं, म्हणून त्यांचे हब कडक असले तरी चालतं. बुलेटला दुसऱ्या गाडीचा कडक हब लावला तर झटका गिळणारं कुणी उरत नाही, आणि तो चेन आणि गिअरबॉक्सला सोसावा लागतो. उलट, चेन खडखडतेय, गिअर टाकताना धक्का बसतोय, अशी तक्रार असेल तर आधी ही रबरं बघा. बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं आणि औषध स्वस्त असतं. आणि भारतात बुलेट इतकी वर्षं बनली की तिचे आटे आणि मापं वेळोवेळी बदलत गेली. 'बुलेटचा हब' म्हणून मागवू नका, साल सांगून मागवा.

आता वहिनींचं उत्तर

ग्रेट ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या, मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना एमओटी लागत नाही. आपल्या मंडळींना याचा फार आनंद झाला. पण याचा दुसरा अर्थ असा की तुमच्या गॅरेजातून निघालेलं चाक रस्त्यावर जाण्याआधी दुसऱ्या कुणी बघावंच असं बंधन राहिलं नाही. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवायची जबाबदारी मात्र कायद्यानं मालकाचीच आहे. धोकादायक स्थितीत चालवली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्सवर तीन पॉइंट येऊ शकतात. स्वेच्छेनं एमओटी करून घेता येते, आणि मागच्या चाकाला हात लावलाय अशा प्रत्येकानं ती करून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा वहिनी, यजमानांना रागावू नका. त्यांच्या चहाच्या कपाबरोबर हे पान ठेवा आणि एवढंच विचारा: मित्र नुसता हब देतायत, की ड्रम, स्पिंडल, स्पेसर, प्लेट आणि स्पीडोमीटरची पेटी असा संच? संच असेल, तो त्यांच्याच सालच्या पार्ट्स-बुकशी जुळत असेल, आणि दाते झिजलेले नसतील, तर जरूर घ्यावा. क्यूडी चाक ही चांगलीच चीज आहे. नुसता हब असेल तर मित्राचे आभार मानावेत आणि आपल्या मूळच्या हबला नवी बेअरिंगं घालता येतात का ते बघावं. बहुतेक वेळा येतात. मग आधी एमओटी, नंतर एकट्यानं जवळपास पन्नास-साठ मैल, घरी आल्यावर प्रत्येक नट पुन्हा तपासणं, हबला हात लावून तो तापला नाही ना ते बघणं. त्यानंतर मुलीला मागे बसवावं. वेल्स कुठे पळून जात नाही.

जाता जाता दोन सूचना, सगळ्यांसाठीच. जुन्या ब्रेक-शूंच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये, आणि आपले ड्रम त्याआधीचे. ती धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. दुसरी सूचना ट्रायम्फच्या 'स्प्रंग हब'बद्दल. १९४० च्या दशकाच्या शेवटी आणि १९५० च्या सुरुवातीला निघालेल्या या जाड्याजुड्या हबच्या पोटात प्रचंड दाबून बसवलेल्या स्प्रिंगा आहेत. उघडू नका असा इशारा खुद्द कारखान्यानंच त्या हबवर दिलेला आहे. योग्य हत्यारं आणि सवय असलेल्या माणसाशिवाय त्याला हात लावू नये.

पुढच्या अंकात कार्ब्युरेटर: ठिबकणारा ॲमल बंद कसा करायचा आणि घरातली पेट्रोलची तक्रार कशी मिटवायची. प्रश्न संपादकांकडे पाठवा. गाडीचं साल आणि इंजिनाचा नंबर लिहायला विसरू नका. आणि यजमानांनाही सांगा, पत्र पाठवायला लाजू नका. वहिनींची पत्रं जास्त येतात!